कॅम्पर व्हॅनला फोर बाय फोर हवंच का?

काका, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निवृत्तीनंतर काकूंना घेऊन वर्षातले दोन-तीन महिने गाडीतच मुक्काम करायचा. कोल्हापुरात फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर ३३५० ही एक वापरलेली व्हॅन बघून ठेवली आहे. फिरायचं कोकणात, गोव्यात, एकदा कच्छला, आणि दर उन्हाळ्यात हिमाचल नाहीतर लडाख. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे. कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणतो, फोर बाय फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी गाडी, नसेल तर घेऊच नका. मित्र म्हणतात, ट्रॅव्हलर सोडा, इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घ्या नाहीतर फोर्सचीच गुरखा जीप घ्या.

आधी उत्तर सांगून टाकतो: ट्रॅव्हलर घ्या आणि फोर बाय फोर डोक्यातून काढा. आता कारणं. ती जरा लांबतील, कारण मी स्वतः दोन्ही घरांत राहिलोय. चौदा वर्षं भोसरीला गाड्यांच्या आत घरं बांधतोय. त्यातली आठ वर्षं माझ्याकडे ट्रॅव्हलर होती, आणि गेली पाच वर्षं फोर बाय फोर पिकअपवर बांधलेला कॅम्पर आहे. म्हणजे कोल्हा आणि द्राक्षांचा प्रकार नाही हा.

मुलाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. तिकडे मर्सिडीजची स्प्रिंटर आणि फोर्डची ट्रान्झिट चारही चाकांना ताकद देणाऱ्या रचनेसह थेट कारखान्यातून मिळते. शिवाय कॅलिफोर्नियात डोंगरात बर्फ पडला की टायरवर चढवायच्या साखळ्यांचे नियम लागू होतात, आणि त्यातल्या मधल्या टप्प्यात चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर बाय फोरला साखळ्या चढवायच्या कष्टातून सूट असते. अर्थात गाडीत साखळ्या ठेवाव्या लागतातच, आणि सगळ्यात कडक टप्प्यात सूट कुणालाच नाही. पण मुद्दा असा की तिथे माणूस व्हॅन घेताना एक पर्याय निवडतो, थोडे जास्त पैसे भरतो आणि मोकळा होतो. आपल्याकडे शोरूममध्ये जी मोठी, उभं राहता येईल अशी व्हॅन मिळते तिच्यात हा पर्याय समोर ठेवलेला नसतो. ट्रॅव्हलर आणि फोर्सचीच अर्बानिया मागच्या चाकांवर चालतात, टाटा विंगर पुढच्या चाकांवर.

मग कुणीतरी सुचवतं की बाहेरून बसवून घेऊ. ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), पुढचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस), शाफ्ट, सगळं जुळवणारे कारागीर आहेत, नाही असं नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं आहे की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. आतलं घर बांधायला मंजुरीची रीतसर वाट आहे. घरी जोडलेल्या पुढच्या ॲक्सलचं तसं नाही. उद्या काही झालं आणि विमा कंपनीच्या सर्वेअरनं गाडीखाली वाकून पाहिलं, तर तुमचा दावा तिथेच संपला. हा रस्ता मी कुणालाच दाखवत नाही.

म्हणजे तुमच्यासमोर खरा प्रश्न फोर बाय फोर घ्यावं की नाही हा नाहीच. तो असा आहे: फोर बाय फोरसाठी उभं राहता येणारं घर सोडायचं का?

आता माझी वही काढतो. ट्रॅव्हलरच्या आठ वर्षांत मी पाच वेळा असा अडकलो की दुसऱ्याची मदत लागली किंवा बराच वेळ गेला. अडकलो तेव्हा दर वेळी वाटलं, फोर बाय फोर असतं तर! नंतर थंड डोक्यानं बघितलं तर हिशेब वेगळा निघाला.

पहिल्यांदा अडकलो कोयनेच्या पाण्याकाठी, बामणोलीच्या बाजूला. ऑगस्ट होता. संध्याकाळी गवत कडक लागलं म्हणून गाडी उतारावर पार नेऊन पाण्याकडे तोंड करून लावली, बायकोला खिडकीतून जलाशय दिसावा म्हणून. रात्रभर पाऊस. सकाळी मागची चाकं साबणावर फिरावीत तशी फिरली. इथे फोर बाय फोरनं नक्की बाहेर काढलं असतं. पण त्याहून सोपा उपाय होता: तोंड चढाकडे, मागची चाकं खडकावर किंवा मुरमावर. लोकांना वाटतं कॅम्पर घाटात अडकतात. कॅम्पर अडकतात मुक्कामाच्या जागी, ओल्या गवतावर, आणि तेही सकाळी चहा झाल्यावर. तेव्हापासून मी पावसात कोकणात कातळसड्यावरच गाडी लावतो. खाली जांभा असला की रात्री झोप लागते.

दुसरी वेळ पैठणकडची. नातेवाइकाच्या शेतात जायची वाट, काळी माती, नुकताच पाऊस. तुम्हाला सांगायला नको, ती माती टायरला अशी लिंपते की टायरची नक्षी भरून चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. चारही चाकं चालवली असती तर चार गोळे फिरले असते. तिथे ट्रॅक्टरवालासुद्धा म्हणाला, दोन दिवस ऊन पडू द्या.

तिसरी वेळ दाभोळ-धोपावे फेरीबोटीची. ओहोटी होती, त्यामुळे बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांच्यात चांगलाच कोन झाला होता. पुढची चाकं चढली, आणि शेपूट घासलं. सांडपाण्याच्या टाकीचा नळ मी मागच्या बंपरखाली लोंबता ठेवला होता (स्वतःच बसवलेला, दुसऱ्याला दोष देता येत नाही), तो तुटून गाडी फळीवर बसली. यात चाकांच्या ताकदीचा संबंधच नाही. ट्रॅव्हलरचं मागच्या चाकामागचं अंग लांब आहे. तिची खरी मर्यादा ती. तुम्ही शंभर चाकांना ताकद दिलीत तरी शेपूट तेवढंच राहणार.

चौथी वेळ जालोरी जोत या खिंडीची, हिमाचलात, बंजारकडून चढताना. उंची ३,१०० मीटरच्या वर, रस्ता कोरडा, पण चढ भिंतीसारखा. समोरून गाडी आली म्हणून वळणावर थांबलो, आणि पुन्हा उचलताना क्लचचा वास. गाडी भरलेली, विरळ हवेत इंजिनाचा दम कमी, आणि पहिला गिअर पुरेसा हळू नाही. इथे मात्र फोर बाय फोर गाडी असती तर फायदा झाला असता, पण चार चाकांमुळे नाही. त्या गाड्यांमध्ये लो रेंज असते, म्हणजे इंजिन तेवढंच फिरतं पण चाक निम्म्याहून कमी वेगानं, त्यामुळे क्लच न जाळता गाडी मुंगीच्या पावलानं चढते. उतरतानाही तसंच, ब्रेक न तापवता. लोक फोर बाय फोर म्हणजे चार चाकं एवढंच धरतात. जड घर घेऊन डोंगरात फिरणाऱ्याला त्यातली लो रेंजच जास्त उपयोगी पडते. म्हणून कधी घ्यायचीच झाली तर लो रेंज असलेलीच घ्या. नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह लिहिलेल्या गाडीत ती बहुतेक वेळा नसते.

पाचवी वेळ ग्रांफू ते लोसर या रस्त्यावर, बातलच्या अलीकडे, एका नाल्यात. ही गोष्ट सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं मत तिच्यावर उभं आहे.

मनालीहून स्पितीत जाताना ग्रांफूला मुख्य रस्ता सोडला की साडेचार हजार मीटरवरच्या कुंझुम खिंडीपर्यंत रस्ता म्हणजे दगडगोटे आणि मधूनमधून आडवे येणारे नाले. हे नाले हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याचे. रात्री थंडीत वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी पोटरीएवढं. ऊन चढलं की वाढत जातं, आणि दुपारी दोन-तीनला तोच नाला मांडीपर्यंत येतो, दगड वाहून आणतो. मी दुपारी तीनला पोचलो. पलीकडे चंद्रताल सरोवरापाशी मित्र वाट बघत होते. घाई होती, घातली गाडी. मागचं चाक दोन धोंड्यांच्या मध्ये बसलं, सायलेन्सर पाण्यात. मागून आलेल्या ट्रकच्या पोरांनी दोर लावून काढलं. रात्री मित्रांपर्यंत पोचलो, पण त्या दिवसाची शरम अजून आहे. कारण माझ्या गाडीत पलंग होता, शेगडी होती, ऐंशी लिटर पाणी होतं, आणि मी हॉटेलचं बुकिंग चुकेल अशा माणसासारखा पाण्यात घुसलो होतो.

काका, घर बरोबर आहे याचा अर्थच हा की थांबता येतं. ज्याला संध्याकाळी स्पितीतल्या काझा गावाला पोचून खोली गाठायची आहे त्याला दुपारी तीनला नाला ओलांडण्यासाठी फोर बाय फोर लागतं. तुम्ही अलीकडच्या काठावर, पाण्यापासून चांगलं उंच आणि वरून दगड येणार नाहीत असं बघून गाडी लावायची, पिठलं-भात खायचा, आणि पहाटे साडेपाचला पलीकडे जायचं. त्याच रस्त्यानं उन्हाळ्यात हिमाचलच्या सरकारी बसगाड्या जातात. तीस-चाळीस माणसं, टपावर पोती, मागच्या चाकांवर चालणारी लांबलचक बस. आपल्या लाल परीची हिमाचली बहीणच. तो ड्रायव्हर ताकदीवर नाला पार करत नाही. नाल्याची वेळ आणि नाल्यातला कुठला दगड कुठे आहे हे त्याला पाठ असतं. तुम्ही थांबून एक बस जाऊ द्या आणि तिची चाकं कुठून गेली ते बघा.

आता दुसरी बाजू, माझ्या सध्याच्या पिकअपची. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात कच्छमधल्या खावडा ते धोलावीरा रस्त्यानं जात होतो. दोन्ही बाजूंना पांढरं शुभ्र रण. फोर बाय फोर आहे म्हटल्यावर हात शिवशिवतात. रस्त्यावरून खाली उतरवली. तीनेकशे मीटर मजेत गेलो आणि मिठाचा पापुद्रा फुटला. खाली काळा चिखल. चारही चाकं ॲक्सलपर्यंत आत. साधी ट्रॅव्हलर असती तर रस्त्यापासून दहा मीटरवर रुतली असती आणि कुठल्याही ट्रकवाल्यानं दोरानं ओढली असती. तीनशे मीटरला दोर कुठून आणणार? गावातून ट्रॅक्टर आणला, तर त्या माणसानं पापुद्र्यावर पाय ठेवून पाहिलं आणि मान हलवली. फळ्या टाकून, खणून, फूट-फूट मागे सरकत दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आलो. कोकणातल्या पुळणीचंही तेच, आणि तिथे वर भरती असते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हाच आहे, आणि आपल्याकडेही पोलीस गुन्हे दाखल करतात, त्यामुळे वाळूसाठी म्हणून फोर बाय फोर घेणार असाल तर तो विषय तिथेच मिटला.

आणखी एक गैरसमज काढतो. चार चाकांना ताकद दिली म्हणजे चारही चाकं नेहमी ओढतात असं नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर जातो, त्यामुळे एक चाक हवेत लटकलं की त्याला जेवढा थोडासा जोर लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी तिरपी झाली आणि पुढचं डावं, मागचं उजवं अशी चाकं सुटली, की फोर बाय फोर गाडीसुद्धा जागच्या जागी चाकं फिरवत बसते. दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारे डिफरन्शियल लॉक त्यासाठी असतात. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत, म्हणून ती तशा जागी खरंच भारी पडते. आणि ब्रेक लावताना तर फोर बाय फोरचा काही उपयोगच नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. बर्फावर निघायला मदत होते, थांबायला नाही, आणि तीन टनांचं घर बर्फाळ उतारावर थांबवायचं असतं तेव्हा सगळा खेळ टायरचा.

मग हवं कुणाला? दोन प्रकारच्या माणसांना मी स्वतः फोर बाय फोर घ्यायला सांगितलंय. एक, जे हिवाळ्यात बर्फात मुद्दाम जाऊन राहतात. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलला जानेवारीत जाणं सोपं वाटतं, पण बर्फ पडला की पोलीस मनालीच्या वर कधी फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात, कधी साखळ्या लावलेल्या इतर गाड्याही. तिथे तुमच्या ड्रायव्हिंगचं कौशल्य कुणी विचारत नाही. (तरीही सांगतो, लाहौलमधल्या सिस्सू गावी जानेवारीत चाकांच्या आधी तुमची पाण्याची नळी गोठेल, आणि आपल्याकडून भरून नेलेलं डिझेलही गोठायला लागेल. लडाखच्या पंपांसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं वेगळं डिझेल आणलं ते उगाच नाही.) दुसरे, जे कामासाठी जातात: पक्षी-प्राण्यांचं चित्रण करणारे, अरुणाचलात पावसाळ्यात आतल्या गावांना जाणारे. त्यांना तारीख पाळावी लागते. तुम्ही मे-जून आणि सप्टेंबरात जाणार, आणि तुम्हाला घड्याळ नाही.

आता काकूंचे गुडघे. तुम्ही ओघात लिहिलंत, पण माझ्यासाठी तोच निर्णायक मुद्दा आहे. पिकअपवरचा कॅम्पर किंवा गुरखा म्हणजे टपावर तंबू नाहीतर वाकून वावरायची खोली. पाच दारांची गुरखा साधारण ४.४ मीटर लांब. इंजिन तिचं आणि ट्रॅव्हलरचं एकाच घराण्यातलं, पण पोटात जागा किती फरकाची! काझाला रात्री उणे दोन तापमानात शिडीवरून उतरून लघवीला जायचं आणि परत चढायचं, हे पंचविशीत साहस वाटतं. ट्रॅव्हलरमध्ये काकू उभ्या राहून चहा करतील, आत शौचालय बसेल, बाहेर पाऊस असला तरी दिवस निघेल. वर्षातल्या ऐंशी रात्री हे सुख विरुद्ध वर्षातला एखादा तास चार चाकांची गरज, असा हा व्यवहार आहे.

जे पैसे वाचतील त्यातले थोडे पुढच्या गोष्टींवर नक्की घाला. टायर सगळ्यात आधी. वापरलेली गाडी घेताना नक्षी बघू नका, टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला, आणि उत्पादकानं दिलेल्या मापात व वजनक्षमतेतच जरा खडबडीत नक्षीचे घ्या. बारा व्होल्टवर चालणारा दणकट कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घ्या. वाळूत किंवा ओल्या मातीत नेहमीच्या हवेच्या दोन-तृतीयांशावर आणलं की टायर पसरतो आणि कित्येकदा तेवढ्यानंच गाडी निघते. मात्र तशा हवेवर सावकाश चालवायचं आणि डांबरावर चढायच्या आधी परत भरायची. दोन ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या खाचांच्या फळ्या), आखूड दांड्याचं फावडं, गाडीच्या वजनाला पुरेल असा दोर, तो अडकवायला दोन शॅकल (लोखंडी कड्या). पुढे-मागे ओढायचे हूक चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, आहेत ना ते बघा. बंपरला दोर बांधला की बंपरच हातात येतो. हिवाळ्यात जायचं मनात असेल तर मागच्या चाकांच्या मापाच्या साखळ्या, आणि त्या चढवायची तालीम घरी अंगणात करा.

आणि वजन. मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनची एक चांगली गोष्ट अशी की घराचं बरंचसं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर बसतं, त्यामुळे चढावर तिची पकड वाढते. विंगरला उलट होतं, चढावर भार मागे सरकतो आणि पुढची चाकं हलकी पडतात. पण हा फायदा पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या थोडी पुढे असेल तेव्हाच. लोक टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर सगळं शेपटात कोंबतात. मग स्टिअरिंग हलकं लागतं आणि प्रत्येक गतिरोधकावर शेपूट आपटतं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते कुठे ठेवायचं हे पडद्यांचा रंग ठरवण्याआधी ठरवायचं असतं. सांडपाण्याचा नळ कुठे नको ते तर मी दाभोळला शिकलोच आहे.

तर सौदा पक्का करण्याआधी ती ट्रॅव्हलर रिकामी करून उसाच्या काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्या. गाडीखाली शिरून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आणि चासीच्या गंजाचा फोटो काढा. पावत्या आणि फोटो पाठवलेत की टाकी कुठे आणि पलंग आडवा की उभा ते मी कागदावर काढून देतो.